सातवीतल्या पोरीला तीन शाळा मागताहेत, आईबापांना काय सांगू?

खडू_फळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी शिक्षक आहे. शाळा सातवीपर्यंत, पट ७१, शिक्षक चार. क्रीडाशिक्षक नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची मुलं शंभराच्या वर असतील तरच शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक धरलेला आहे, आमच्यासारख्या शाळा त्या हिशोबात बसतच नाहीत. गणित शिकवता शिकवता शिट्टी गळ्यात मीच अडकवतो.

शाळेच्या मागे थोडी मुरमाड जागा आहे. तिथं बाभळीचे दोन खांब गाडून आम्ही खो-खोचं मैदान केलं. सातवीतली एक पोरगी गेली दोन वर्षं तिथं अशी खेळते की बघत राहावं. जानेवारीतल्या जिल्हा परिषद शाळांच्या क्रीडा महोत्सवात आमचा संघ केंद्रातून तालुक्याला गेला आणि तालुक्यात पहिल्याच सामन्यात हरला. पण ही एकटी जवळपास अडीच मिनिटं पळाली, अनवाणी. समोरच्या पोरींनी खोवर खो दिले, शेवटी एकीनं सूर मारला तेव्हा सापडली. उजव्या टाचेला भेग पडून रक्त येत होतं, ते तिला मी दाखवल्यावर कळलं.

त्या दिवसापासून माणसं येऊन राहिली.

पहिले आले तालुक्याच्या हायस्कूलचे क्रीडाशिक्षक. त्यांचा मुलींचा संघ विभागापर्यंत जाऊन आलेला आहे. शाळा गावापासून १४ किलोमीटर. बूट आणि ड्रेस देतो म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत. दुसरे जिल्ह्याच्या गावाकडून, एका निवासी शाळेचे. संस्थेचे पदाधिकारी चारचाकी घेऊन थेट घरी गेले. राहणं, जेवण, कपडे, फी सगळं दहावीपर्यंत मोफत. फक्त ‘दहावीपर्यंत शाळा सोडणार नाही’ असं एका कागदावर बापानं लिहून द्यायचं आणि दाखला आत्ताच काढायचा. तिसरी शाळा नऊ किलोमीटरवर. त्यांनी सायकल देऊ केली आणि मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, ‘सर, आमची आठवीची तुकडी वाचली पाहिजे, संचमान्यतेत एक पद जाऊन राहिलं.’ पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, म्हणून त्यांना खेळाडू नको, पट हवा आहे. त्यांचा मला राग आला नाही.

बापाला चारचाकीवाल्यांचं पटलं आहे. तीन एकर कोरडवाहू, दोन लहान भावंडं, पोरीचा सगळा खर्च सुटतो. आई मात्र अडून बसली. मला म्हणाली, ‘मास्तर, पोरगी तं चालली जाईन, पण रात्री तिले ताप आला तं कोन पाहीन?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातवीचा निकाल लागला की दाखला मलाच द्यायचा आहे. इथं कुणी क्रीडाशिक्षक, पालक, खेळलेले लोक असतील तर सांगा, काय पाहून ठरवायचं?

---

रानवाट

गुरुजी, पोरगी स्वतः काय म्हणते? तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये बाप बोलला, आई बोलली, तीन शाळा बोलल्या.

---

खडू_फळा

तुम्ही विचारल्यावर आज मधल्या सुट्टीत तिला विचारलं. खाली पाहून म्हणाली, ‘जिथं खेळू देतीन तिथं जाईन.’ मग जरा थांबून, ‘एकटी नाही जात.’

---

मुरमाचं मैदान

सर, वाशिम जिल्ह्यात मी २९ वर्षं क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या दारात आलेल्या माणसांच्या जागी मीही वर्षानुवर्षं उभा राहिलो आहे. म्हणून आधी ही माणसं खेड्यात का फिरतात ते सांगतो.

शालेय स्पर्धेची रचनाच तशी आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. धावणं, उड्या, कुस्ती, धनुर्विद्या असे वैयक्तिक खेळ असतील तर पोरगं एकटं पुढं जातं, शाळा कितीही लहान असो. सांघिक खेळात मात्र अख्खी शाळा पुढं जाते. तालुक्यात जिंकलेला शाळेचा संघ जिल्ह्याला, तिथला विजेता विभागाला, विभागाचा विजेता राज्याला. राज्य स्पर्धेच्या मैदानावर पहिल्यांदा वेगवेगळ्या शाळांतले खेळाडू निवडून महाराष्ट्राचा संघ होतो. म्हणजे तुमची पोरगी कितीही चांगली असली तरी संघ तालुक्यात हरला की तिचं वर्ष तिथंच संपलं. निवड समितीपुढं ती जातच नाही. म्हणून खो-खो, कबड्डीच्या चांगल्या पोरी एका शाळेत गोळा होतात, गोळा केल्या जातात. यात सगळं वाईटच असतं असं नाही. एकट्या पोरीला वर जायला दुसरी वाट नसते.

आता पारखीचं. मी नवा होतो तेव्हा तालुका स्पर्धेत उंच, दणकट पोरी निवडायचो. तीन वर्षं हात हलवत आलो. मग एक गोष्ट लक्षात आली. या शालेय तालुका स्पर्धा पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात. काळ्या मातीत तेव्हा मैदान नसतं, चिखल असतो, आणि शेतात निंदण चालू असतं. ज्या पोरी सगळ्यात चपळ, काटक, त्या त्या दिवशी कपाशीत बसलेल्या असायच्या. स्पर्धेला येणाऱ्या पोरी म्हणजे ज्यांच्या घरून सुट्टी मिळाली त्या. तेव्हापासून मी गावोगाव शाळा सुटायच्या वेळेला जाऊन बसू लागलो. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यायची, कडेला बसायचं, आपण कोण ते पोरांना सांगायचं नाही.

खो-खोसाठी मी पाय नंतर पाहायचो, आधी कंबर. खांबावरून वळताना कंबर खाली बसते का? उभ्या अंगानं वळणारी पोरगी शंभर मीटर मारेल, पण खो-खोत दुसऱ्या वळणाला सापडेल. मग नजर. आक्रमकानं एकदा दिशा घेतली की त्याला मागं फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. चांगली पळणारी पोरगी हे पुस्तकातून शिकत नाही. खो मिळालेल्या पोरीचा खांदा कुठं झुकला ते पाहून ती उलट्या बाजूला निघालेली असते. तिसरी गोष्ट, बाद झाल्यावर ती काय करते? काही रडतात, काही भांडतात. जी मैदानाच्या कडेला जाऊन पुढचीचा खेळ पाहत बसते ती माझी. पहिल्या दोन गोष्टी सरावानं सुधारतात, ही फार सुधारत नाही.

आमचे आजोबा शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन. पटाची जोडी घ्यायला गेले की बैल धावताना पाहून कधी सौदा करत नसत. गोठ्यात जाऊन वैरण खाताना पाहत, खूर उचलून पाहत, मालकानं हात लावला की बैल कसा वागतो ते पाहत. लेकरू म्हणजे बैल नव्हे, पण एका धावेवर पारख होत नाही हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

चारचाकीवाल्यांनी तुमची पोरगी किती वेळा खेळताना पाहिली? तेवढं विचारा.

---

खडू_फळा

सर, विचारलं. एकदाही नाही. तालुक्यातल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाहून आले होते.

तालुक्याचे क्रीडाशिक्षक मात्र नोव्हेंबरातही येऊन गेले होते, हे मला माझ्याच पोरांनी आज सांगितलं. ‘ते टोपीवाले काका झाडाखाली बसले होते, आमाले पानी मांगलं होतं.’

---

निंबाची सावली

दादा, मी आर्वीकडची. तुमच्या पोरीच्या जागी मी होते, म्हणून लिहिते.

सहावीत असताना गावच्या रात्रीच्या कबड्डी सामन्यांत, मोठ्या बायकांचा सामना सुरू व्हायच्या आधी, आम्हा पोरींचा एक डाव लावला होता. त्यात मला एकानं पाहिलं. महिनाभरात मी घरापासून ७० किलोमीटरवरच्या वसतिगृहात. खोटं कशाला सांगू, पहिली दोन वर्षं सोन्यासारखी गेली. पहिल्यांदा बूट घातले, पहिल्यांदा मॅटवर खेळले. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या पायाला मॅट आधी चिकटते, पाय जमिनीत रुततो तसा वाटत नाही. ते अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. हे सांगते कारण खेड्यातली पोरगी पहिल्याच मॅटवरच्या सामन्यात अडखळली की लोक म्हणतात, ‘हिच्यात काही दम नाही.’ दम असतो, पायाला सवय नसते.

नववीत चढाई करताना गुडघा फिरला. त्या दिवशी मैदानावर बर्फ नव्हता, गाडी नव्हती. दोन दिवस हळद लावून झोपवून ठेवलं, कारण त्या आठवड्यात विभागाचा सामना होता आणि सगळे तिकडं गेले होते. वडिलांना कळवलं पाचव्या दिवशी. लिगामेंट तुटलं होतं. पुढच्या सत्रात मला सांगितलं गेलं की वसतिगृहाची जागा खेळणाऱ्या मुलींसाठी आहे.

शाळेचं नाव घेत नाही. आज मी आरोग्यसेविका आहे, संसार बरा चालला आहे. पण पायऱ्या उतरताना अजून डावा हात कठड्यावर जातो.

तुमच्या पोरीच्या आईनं ताप आल्यावर कोण पाहील हे विचारलं, ते अडाणीपण नव्हे. सगळ्यांत तोच प्रश्न बरोबर आहे. तिच्या वतीनं तुम्ही आणखी विचारा: मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक राहते का, की दिवसा येऊन जाते? प्रवासाला संघाबरोबर बाई शिक्षिका असते का? पाळीच्या दिवसांत पोरगी कुणाला सांगेल? दुखापत झाली तर जागा राहते का, आणि ते कागदावर लिहून देतात का? त्यांना बापाकडून कागद लिहून हवा आहे ना, मग त्यांनीही द्यावा. आणि शक्य असेल तर न सांगता एखाद्या बुधवारी जेवणाच्या वेळेला जाऊन या. रविवारी पालक येतात, रविवारची भाजी वेगळी असते.

---

रानवाट

ताई, बर्फ आणि गाडीचं वाचून पोटात कालवलं. हे फार जणांना कळायला पाहिजे.

---

स्टॉपवॉच

बुलढाण्यातून लिहितो, मैदानी खेळांचा प्रशिक्षक आहे. आमच्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुर्विद्येत सुवर्ण घेऊन आला, तेव्हापासून गावागावांतून फोन येतात, ‘आमचा पोरगा बारा वर्षांचा आहे, पाहता का?’ म्हणून थोडं वयाबद्दल.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण कुणी दोन वर्षं आधी वाढतं, कुणी दोन वर्षं उशिरा. चौदाच्या गटात तुम्हाला जो ‘तयार’ दिसतो तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो. सतराच्या गटात बाकीचे त्याला गाठतात आणि तो मागं पडतो. तोवर उशिरा वाढणारा पोरगा ‘बारका आहे’ म्हणून कधीच घरी बसलेला असतो. त्यात वयोगटाची रेघ १ जानेवारीची, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं पोर डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असून एकाच गटात.

आणि आपल्याकडे तर जन्मतारखाच गुरुजींनी लावलेल्या. खडू_फळा सर, तुमच्या पोरीची तारीख दाखल-खारीज रजिस्टरमध्ये काय आहे ते एकदा पाहा.

आणखी एक वाट आहे, ती कुणी लिहिली नाही: राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे खेळाडू मुलांना ठेवून घेऊन शिकवणाऱ्या निवासी संस्था. ८ ते १४ वयातल्या मुलांच्या चाचण्या होतात. उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर, सहा वेळा १० मीटरचा शटल रन, उभ्यानं लांब उडी, उभ्यानं उंच उडी, एक किलोचा मेडिसिन बॉल फेकणं आणि पुढं वाकून लवचिकता. सगळ्यांना सारखी फूटपट्टी, ओळख लागत नाही, ही त्यातली चांगली बाजू. अमरावतीला आहे, अकोल्यात बॉक्सिंगची आहे. पण जाहिरात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून निघते आणि तुमच्या गावापर्यंत येईस्तोवर तारीख उलटून जाते. शिवाय चाचणीत पोरगी किती जोरात पळते ते कळतं. मुरमाचं मैदान सर म्हणतात ते, समोरचीचा खांदा वाचणं, कोणत्याच फूटपट्टीत येत नाही. खो-खोच्या पोरीला मी हा मार्ग पहिला सुचवणार नाही. पण तुमच्या शाळेतला कुणी लांब उडी मारणारा, नुसताच पळणारा असेल तर नक्की न्या.

एक मनापासून सांगतो, बारा वर्षांच्या पोरीला एकाच खेळाला जुंपू नका. तिला खो-खोबरोबर लांब उडीही मारू द्या, लंगडीही खेळू द्या.

---

मेळघाटी

आदिवासी विकास विभागाच्या धारणी प्रकल्पातल्या आश्रमशाळेवर होतो. आमच्याकडे वेगळी शिडी आहे. आदिवासी विकास विभागाच्या स्पर्धा प्रकल्प, विभाग, राज्य अशा चालतात. पोरं वसतिगृहातच असल्यामुळं निंदणीला घरी राहण्याचा प्रश्न थोडा कमी, पण दिवाळीला गेलेलं पोर कापूस वेचून डिसेंबरात परत येतं, तो मुक्काम कुणी अडवू शकत नाही.

निवड कशी असावी याचं मला आवडणारं उदाहरण चंद्रपूरचं. ‘मिशन शौर्य’साठी तिथल्या आश्रमशाळांतली पोरं घेतली. पहिल्या दिवशी कोण पुढं आहे एवढ्यावर नाही भागवलं. अनेकांना महिनोन्महिने प्रशिक्षण देत, वेगवेगळ्या ठिकाणी चढवत, टप्प्याटप्प्यानं निवडत दहा जण ठेवले. मे २०१८ मध्ये त्यातले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. एका दिवसाच्या चाचणीत हे कुणाला दिसलं असतं?

आमच्या कोरकू पोरांबद्दल एक गोष्ट. नवा माणूस मैदानावर आला की ती खेळत नाहीत, लाजून कडेला उभी राहतात. बाहेरचा पारखी लिहून घेतो, ‘आत्मविश्वास कमी.’ त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलणारा कुणी बरोबर आणा, मग बघा.

---

हिशोबी

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. पोराला खेळात घातलं म्हणून मी पस्तावलो आहे. पुसदजवळ राहतो. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, दहावीला सवलतीचे गुण, हे सगळं ऐकून त्याला कबड्डीसाठी दुसऱ्या शाळेत घातलं. सकाळी सराव, संध्याकाळी सराव, गणित बुडालं. जिल्ह्याच्या वर संघ गेला नाही. पाच टक्क्यांत बसायला फार वरच्या स्पर्धेतली कामगिरी लागते हे मला पोरगं बारावीला गेल्यावर कळलं. शाळेनं फलकावर त्याचा फोटो लावला, तो पुढच्या वर्षी काढला. आता पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीचे १६०० मीटर पळतो.

गुरुजी, पोरीला अभ्यासाला चांगल्या शाळेत घाला.

---

मुरमाचं मैदान

भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. आणि त्यात आम्हा क्रीडाशिक्षकांचा वाटा आहे हे मी कबूल करतो. पोरं गोळा करताना आम्ही आरक्षणाचं नाव घेतो आणि त्याची पातळी सांगत नाही. मीही घेतलं आहे. पालकाला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे की जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या बहुतेक पोरांना यातून नोकरी मिळत नाही.

पण तुमचा पोरगा आज १६०० मीटर पळतो आहे, ते फेफडं कबड्डीनंच केलं आहे. भरतीत गोळाफेकही असते, त्याची त्याला सवय नसेल तर वाशिमकडे पाठवा, माझ्या घरी उतरेल. मी गोळा फेकायला शिकवतो.

आणि लवकर हेरलं गेलं नाही म्हणजे सगळं संपलं असंही नाही. उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विशीच्या आसपास लेदरचा चेंडू धरला, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि २०११ मध्ये कसोटी. शाळेतली निवड ही एक खिडकी आहे, दरवाजे पुढंही असतात. खो-खोत आणि कबड्डीत आपल्याला आणखी एक आहे. शालेय स्पर्धेत आपण अमरावती किंवा नागपूर विभाग म्हणून महाराष्ट्रात मोजले जातो, पण असोसिएशनच्या राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा स्वतंत्र संघ उतरतो. शाळेकडून विभागात हरलेली पोरगी जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून विदर्भाकडून खेळू शकते. हे खेड्यातल्या पालकांना कुणी सांगत नाही. सर, तालुक्याच्या त्या क्रीडाशिक्षकांना विचारा, ते आपल्या पोरींना संघटनेच्या चाचणीला नेतात का. जो नेतो तो पोरीचा विचार करतो. जो ‘शाळेच्या सामन्याशिवाय कुठं जायचं नाही’ म्हणतो तो ढालीचा विचार करतो.

---

हिशोबी

सर, पोराला वाचून दाखवलं. रविवारी पाठवतो.

---

खडू_फळा

स्टॉपवॉच सर, तुमचं ऐकून रजिस्टर उघडलं. तारीख १ जून लावलेली. माझ्या आधीच्या गुरुजींनी आजीनं सांगितलेल्या अंदाजावर लिहिली असावी. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत शोधलं, तर त्याच्या पुढच्या वर्षाचा फेब्रुवारी निघाला! म्हणजे पोरगी कागदावर आहे त्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान, आणि चौदाच्या गटात तिचं एक वर्ष वाढतं. दाखला हातात गेल्यावर ही दुरुस्ती फार जड जाते, म्हणून जन्म प्रमाणपत्र जोडून प्रस्ताव आत्ताच केंद्रप्रमुखांकडे दिला. दाखला आत्ताच द्या म्हणणाऱ्यांना हेच कारण सांगून थांबवलं आहे.

उरलेल्या पोरांच्याही तारखा तपासतो आहे. ७१ पैकी १९ जणांची १ जून.

---

एसटीची खिडकी

आठवीपासून बारावीपर्यंत अपडाऊन केलेली मुलगी म्हणून एकच गोष्ट. तालुक्याची शाळा असेल तर बसचं वेळापत्रक आधी पाहा. आमच्या गावाला सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस होती, मुलींना फुकट. शाळा सुटली की पंधरा मिनिटांत सुटायची. सराव शाळा सुटल्यावर, बस शाळा सुटल्यावर. मी व्हॉलीबॉलच्या संघात निवडली गेले होते आणि पाच वर्षांत एकही पूर्ण सराव केला नाही. संघात राहिल्या फक्त तालुक्याच्या गावातच राहणाऱ्या मुली. आम्हाला कुणी काढलं नव्हतं, आम्ही बसनं गेलो.

---

खडू_फळा

(जूनअखेर)

मंडळी, आपल्याकडे शाळा उघडल्या, म्हणून कळवायला आलो. उशीर झाला, माफ करा.

एप्रिलमध्ये बापाला घेऊन मी त्या निवासी शाळेत गेलो, निंबाची सावली ताईंनी सांगितलं तसं बुधवारी, न कळवता. इमारत चांगली आहे. मुलींकडे रात्री बाई अधीक्षक असते का विचारलं, तर ‘लवकरच नेमणार’ म्हणाले. दुखापतीचं लिहून मागितलं, तर हसले. परतताना बाप एसटीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मास्तर, त्यायनं पोरीचं नाव तरी विचारलं का?’ खरंच विचारलं नव्हतं. पूर्ण वेळ ‘खेळाडू’ म्हणत होते.

मग तालुक्याच्या शाळेत गेलो. टोपीवाले सर मैदानावर चुन्याची रेघ मारत होते. असोसिएशनच्या चाचणीचं विचारलं, तर मागच्या तीन वर्षांत नेलेल्या पोरींची नावं तोंडपाठ सांगितली, निवड झालेल्या आणि न झालेल्याही. बसचा प्रश्न मी एसटीची खिडकी ताईंच्या शब्दांत मांडला. ते म्हणाले, ‘संध्याकाळचा सराव मी कधीच बंद केला. बस सव्वानऊला येते, शाळा साडेदहाला भरते. तो सव्वा तास माझा.’ गावाहून येणाऱ्या नऊ पोरी त्यात आहेत. सामन्यांच्या प्रवासाला एक बाई शिक्षिका बरोबर असतात, त्यांना आई जाऊन भेटली, दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, पण घरी येताना आईनं बाजारातून निळ्या रिबिनी घेतल्या.

आता ‘एकटी नाही जात’चं. पोरगी अडून बसली होती की आमच्या संघातल्या आणखी दोघी आल्या पाहिजेत, पळताना मैदानात तिच्याबरोबर उतरणारी तुकडी. त्या दोघींच्या घरचे तालुक्याला पाठवायलाच तयार नव्हते, एकीची तर शाळाच बंद करणार होते. मी सरांना भीत भीत सांगितलं की या दोघी तिच्याइतक्या चांगल्या नाहीत. ते म्हणाले, ‘मला ठाऊक आहे, नोव्हेंबरात पाहिल्या आहेत. येऊ द्या. तिघी असल्या की तिघींच्या आया झोपतात.’ तीन घरं मिळून फिरलो. तिघी जात आहेत. जन्मतारखेचा प्रस्ताव मंजूर होऊन आला, दाखल्यावर खरी तारीख आहे.

काल सकाळी बसथांब्यावर गेलो होतो. तिघी एकाच सीटवर बसल्या, रुमाल टाकून चौथ्या पोरीला उभं ठेवलं.

सरांनी एकीसाठी बूट कबूल केले होते, आता तिघी झाल्या. दोघींचे मी पाहतो.

---

मुरमाचं मैदान

तुम्ही थांबा सर, ते माझ्याकडे. नंबर तोंडी विचारू नका, घरचे पुढच्या वर्षी चालावेत म्हणून मोठा सांगतात आणि पोरगी पहिल्याच वळणाला घसरते. कागदावर उभं करून पेन्सिलीनं पावलाची रेघ मारा, दोन्ही पायांची, संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर. टाचेची ती भेग भरली का तेही बघा, नसेल तर रोज रात्री कोमट पाण्यात पाय ठेवून खोबरेल लावायला सांगा, बूट त्याआधी घालू नये.

---

खडू_फळा

भरली आहे सर. रेघा मारून आज रात्री फोटो पाठवतो.